धुरपाक्कानं सोडवलेल्या वेण्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. साल विचारू नका, ते सांगणाऱ्याला कधीच ठाऊक नव्हतं. चिंचखडी गावात धुरपाक्का नावाची कोष्टीण राहायची. लुगडी विणायची, पण तिचं नाव झालं ते सुताचा गुंता सोडवण्यात. कितीही गुंतलेली लडी आणा, ती एकही धागा न तोडता सरळ करून द्यायची. असं म्हणतात की तिची बोटं हलताना दिसायचीच नाहीत.

त्या वर्षी देवीच्या रोगाची साथ आली. घरात रोगी असला की कुणी केसांना फणी लावायची नाही, असा तेव्हा रिवाज. कोंडाबाईच्या घरात एकामागून एक चौघं अंथरुणाला खिळले. तिची नऊ वर्षांची गिरजा धडधाकट होती, पण साथीआधी घातलेल्या तिच्या दोन वेण्या चार महिने तशाच राहिल्या. साथ सरली तोवर पेडात पेड रुतून वेण्या चऱ्हाटासारख्या कडक झाल्या होत्या.

डोंगरावरच्या देवळातला पुजारी आला. बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "जट आली. पोर देवीची झाली. पुनवेला देवळात आणून सोडा."

झालं! गावानं माना डोलावल्या. जट कापली तर कोप होईल ही धास्ती, मग बोलणार कोण? कोंडाबाईनं लेकीला पोटाशी धरून हंबरडा फोडला.

तेवढ्यात गर्दीतून धुरपाक्का पुढं आली. वेणी बोटांनी चाचपून म्हणाली, "कसली जट? गुंता हाय ह्यो. मी कापणार न्हाई, सोडवणार."

"आणि केस तुटले तर?" पुजाऱ्यानं विचारलं.

"एक जरी तुटला, तर पोरीसंगं मीबी येते. जन्मभर देऊळ झाडीन."

पुनवेला पाच दिवस होते. धुरपाक्कानं गिरजाला पारावर पुढ्यात घेतलं. केसांत तेल जिरवलं, फणी लांब ठेवली आणि शेंड्याकडून सुरुवात केली. डाव्या हातानं केस वर घट्ट धरायचे, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही. उजव्या हातानं दोन-दोन केस वेगळे करायचे. असं म्हणतात की पाच दिवसांत वाटीतलं तेल बोटभरही उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी तिची बोटं फुटली, तिनं चिंध्या बांधल्या. कुणी कळवळून म्हणालं, "अक्का, घ्या कात्री, व्हा मोकळ्या."

"मोकळं पोरीला व्हायचंय, मला न्हाई!" ती फणकारली.

पाचव्या दिवशी दोन्ही वेण्या सुटल्या. धुरपाक्कानं पहिल्यांदा फणी फिरवली, आणि मूठभर केस हातात आले. पारावर एकच कालवा झाला. "तुटले!" पुजारी ओरडला.

धुरपाक्का जागची हलली नाही. तिनं त्यातला एक केस उन्हात धरला. "हे बघा, टोकाला पांढरा दाणा हाय. म्हंजी मुळासकट आपसूक गळालेला. रोज सगळ्यांचेच गळत्यात. चार महिन्यांचे हितं वेणीतच अडकून ऱ्हायले हुते. तुटलेल्याला दाणा नसतो. मोजून घ्या!"

मग काय, अख्खं गाव केस निवडायला बसलं. डाळीतले खडे निवडावेत तसं. असं म्हणतात की दिवस मावळायला आला, पण सूर्यसुद्धा शेवटचा केस बघून होईपर्यंत डोंगरावर थांबला. प्रत्येक केसाला दाणा होता. पुजारी मान खाली घालून डोंगर चढून गेला. गिरजा उठली, तेव्हा तिचे केस घोट्याला टेकत होते. कुणी सांगतं गुडघ्याला. आपण घोटाच धरू.

त्या गावातून देवळाला पुन्हा पोर गेली नाही. आजही कुठल्या गावात एखाद्या मुलीचे केस असे गुंतले, तर तिची आई तिला घेऊन चिंचखडीची वाट धरते. पारावर सतरंजी पडते, घराघरातून पळीपळी तेल येतं आणि बाया "धुरपाक्का, हात दे गं" म्हणून शेंड्याकडून सोडवायला बसतात. दोन दिवस लागोत नाहीतर दहा, चूल कुणीतरी सांभाळतं, आणि मुलगी स्वतःच्या हातानं केस विंचरून घरी जाईपर्यंत पारावरून कुणी उठत नाही.