तेहतीस चोची बाजरी

त्या राज्यात कोणत्याही वस्तूचे मोल पिसांत द्यावे लागे, आणि पीस स्वतःच्या अंगावरचेच असावे लागे.

छातीवरची मऊ पिसे रोजच्या व्यवहाराला चालत. ती उपटताना फारसे दुखत नसे आणि उन्हाळ्यात ती पुन्हा फुटत. पण उन्हाळ्याच्या आधी उत्तरेचा वारा येई, आणि खरेदी करून अंगावर जे उरेल तेवढ्यातच तो वारा काढावा लागे. पंखातल्या लांब पिसाची गोष्ट वेगळी होती. ते पुन्हा यायला तीन वर्षे लागत. म्हणून ते कोणी कोणाकडे मागत नसे. फक्त कोठार मागत असे.

कोठार दरीपलीकडे होते. त्याचा मालक कोणी पाहिलेला नव्हता. दारात करकोचे उभे असत आणि ते फार अदबीने बोलत. आत बाजरी, राळे, सुकी अंजिरे, सगळे काही गोण्यांनी मिळे आणि सगळीकडच्यापेक्षा स्वस्त मिळे. मात्र आत जाऊन काही घ्यायचे तर सभासद व्हावे लागे. वर्षाला एक लांब पीस दिले की करकोचा पायाला तांबडा धागा बांधी. पहिल्या वर्षी पीस डाव्या पंखाचे घेत. दुसऱ्या वर्षी उजव्या पंखाचे घेत, म्हणजे तोल सांभाळला जातो असे ते सांगत. तिसऱ्या वर्षी बरेचसे सभासद कोठाराला चालत जाता यावे म्हणून आपले घरटे दरीपलीकडे हलवत.

अलीकडे, बेहड्याच्या एका जुन्या झाडावर, नऊ घरटी अजून टिकून होती. त्यांतले एक सगुणा साळुंकीचे होते.

सगुणा अबोल होती. फांदीवर सगळे जमले की ती टोकाला बसे, आणि बोलण्यापेक्षा बघण्यात तिचा वेळ जाई. तिच्या नवऱ्याने, मुकुंदाने, दोन वर्षे दोन लांब पिसे कोठाराला दिली होती. आता तो उडण्याऐवजी फांदीवरून फांदीवर उड्या मारत असे आणि यात पायांना चांगला व्यायाम होतो असे हसून सांगत असे. त्या वर्षी सगुणाने तीन अंडी घातली.

वाऱ्याच्या दिवसांत एक अंडे जगवायला छातीवर चार पिसांची ऊब लागते, हे त्या झाडावरच्या प्रत्येक आईला ठाऊक होते. तीन अंड्यांना बारा लागणार. सगुणाच्या छातीवर एकोणीस होती. मुकुंदाची छाती आधीच विरळ झालेली. त्याच्या पिसांत पिल्लांच्या अळ्यांची कशीबशी सोय झाली असती. म्हणजे थंडीची सगळी बाजरी सगुणाला सात पिसांत आणायची होती.

प्रथम ती झाडाच्या बुंध्याशी आबा तितराच्या दुकानात गेली. आबांचे दुकान म्हणजे मुळांमधली एक कोरडी ढोली होती. गेली दोन वर्षे ती तिकडे फिरकली नव्हती.

"या, कोठाराच्या सूनबाई!" आबा म्हणाले. "आज वाट चुकलात की काय?"

सगुणाने मान खाली घातली. "बाजरी काय भाव, आबा?"

"एका पिसाला तीन चोची. तिकडे स्वस्त आहे म्हणे. तिकडेच जा."

"तुमच्या चोचीनं की माझ्या?"

आबांनी तिच्याकडे निरखून पाहिले. त्यांची स्वतःची चोच टोकाला झिजली होती आणि तिच्यात दोन-चार दाणे कमीच मावत, हे त्यांना माहीत होते. आजवर कोणी विचारले नव्हते. "मोज बाई," ते शेवटी म्हणाले. "तुझ्याच चोचीनं मोज. मलाही वर तोंड दाखवायचं आहे."

नवराबायकोला थंडीभर तेहतीस चोची बाजरी पुरे. आबांकडे त्याला अकरा पिसे पडली असती आणि छातीवर आठ उरली असती. आठ पिसे म्हणजे दोन अंडी. सगुणा घरट्यात परतली, तिन्ही अंडी तिने पायाने हळूच फिरवली, आणि त्यांतले तिसरे कोणते ते ठरवायचे नाही असे ठरवले.

दुसऱ्या दिवशी ती कोठारात गेली. बघायला मनाई नव्हती, घ्यायला होती. आत उबदार होते. कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक दाणा चाखायला फुकट ठेवला होता, आणि तो चाखला की आपल्याला आणखी कशाकशाची गरज आहे ते आठवू लागे. बाजरीची गोणी वीस पिसांना होती.

"एका गोणीत चोची किती?" सगुणाने विचारले.

"बाईसाहेब, इथं चोचीनं कोणी मोजत नाही," करकोचा अदबीने म्हणाला.

"पण खातात तर चोचीनंच ना?"

करकोच्याने दुसऱ्या पायावर भार घेतला आणि पुढच्या पाहुण्याचे स्वागत केले.

घरट्याखाली मुकुंदाने आणलेली गेल्या वर्षीची गोणी रिकामी पडली होती. सगुणाने ती ओढ्याच्या काठावर नेली आणि चोचीने एकेक करून तिच्यात वाळू भरायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळे झाड बघायला जमले.

"सगुणे, थंडीत पोरांना वाळू चारणार आहेस का गं?" ठकूमावशी तांबटाने वरून विचारले. ठकूमावशी झाडावरची सगळ्यांत म्हातारी, आणि तिच्या टोमण्यातून कोणी सुटलेले नव्हते.

सगुणाच्या तोंडात त्रेसष्टावी चोच होती.

"बघा, आता उत्तरही देत नाही!"

"मावशी, तिला बोलायला लावू नका हो," खालून मुकुंदा म्हणाला. "आकडा चुकला तर परत पहिल्यापासून भरेल ती. मी ओळखतो तिला."

सूर्य कलला तेव्हा गोणी भरली. शंभर चोची. म्हणजे एका पिसाला पाच. आबांकडे तीन, कोठारात पाच. मग कोठारच स्वस्त. पण सगुणा भरलेल्या गोणीकडे बघत बसून राहिली. तिला आठवले की मागच्या वर्षी त्या दोघांनी हिच्यातल्या तेहतीसच चोची खाल्ल्या होत्या. उरलेल्या बाजरीला पाऊस लागताच किडे पडले आणि मुकुंदाने ती उड्या मारत मारत ओढ्यात नेऊन टाकली होती. वीस पिसे दिली, तेहतीस चोची पोटात गेल्या. आबांनी तेवढ्या अकराच पिसांत दिल्या असत्या.

एका घरट्याला गोणी महाग होती. ती स्वस्त व्हायला घरटी जास्त हवी होती.

त्या संध्याकाळी फांदीवर सगळे जमले तेव्हा सगुणा टोकाला न बसता मधे येऊन बसली. नऊ घरटी, तीन गोण्या, साठ पिसे, असे तिने सांगितले. म्हणजे कोणाला सहा पिसे पडतील, कोणाला सात. थंडीभराच्या गोण्या एकाच खेपेत आणायच्या, म्हणजे धागाही एकच पुरेल. नऊ जणांमध्ये एकच लांब पीस.

सगळ्यांना ते पटले. मग ते लांब पीस कोणाचे, असे कोणीतरी विचारले, आणि एकाएकी सगळ्यांना आपापल्या पंखांत उवा सापडल्या. चोची पंखांत खुपसून जो तो त्या शोधू लागला. खरे तर द्यायला कोणाकडे फारसे नव्हतेच. कोणी डावे दिलेले होते, कोणी उजवे. ठकूमावशीची सगळी होती, पण ती इतकी विरली होती की करकोच्यांनी घेतली नसती. दोन्ही पंख धड असलेली एकटी सगुणा होती.

"माझं घ्या," ती म्हणाली.

"वेडी का खुळी तू?" ठकूमावशी कडाडली. "पिल्लं बाहेर आली की दिवसातून पन्नास वेळा अळ्या आणाव्या लागतात. वाऱ्यात, फाटक्या पंखानं! कोण आणणार?"

सगुणाने सगळ्यांकडे पाहिले. तिच्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड वाक्य होते.

"तुम्ही आणाल," ती म्हणाली.

"आणू की," बुलबुल म्हणाला. "त्यात काय एवढं?" बाकीच्यांनीही माना हलवल्या. वारा यायला अजून महिना होता आणि कबूल करणे सोपे होते.

मुकुंदा अंड्यांवर बसला आणि आठ जण सगुणाबरोबर दरीपलीकडे गेले. करकोच्याने तिचा डावा पंख हलकेच उलगडला, "थोडंसं दुखेल," असे सांगितले, आणि त्याचे म्हणणे खरे निघाले. ठकूमावशीने चाखायचे सगळे कोपरे दोनदा केले. तीन गोण्या वेलींना बांधून, वाटेत सतरा वेळा टेकत, त्यांनी झाडाशी आणल्या. परत येताना सगुणा सारखी डावीकडे कलत होती, आणि बुलबुल काही न बोलता तिच्या डाव्या बाजूने उडत राहिला.

आबा तितर दारात उभे होते. "वा! आता माझ्या डोळ्यांदेखत कोठार आणलंत होय?" ते म्हणाले. मग त्यांनी आभाळाकडे पाहिले, गोण्यांकडे पाहिले. "अशा उघड्यावर ठेवाल तर यंदाही किड्यांचीच चंगळ. आत आणा. माझी ढोली कोरडी आहे."

"आबा, तुमचं नुकसान..." सगुणा म्हणाली.

"बाजरी न्यायला रोज याल ना? मग ताजी अंजिरं, अळ्या मीच देईन. ते काही गोणीत टिकत नाही. दोन वर्षं या दारात कोणी भांडायलासुद्धा आलं नाही गं."

त्या दिवसापासून आबा रोज सकाळी नऊ वाटे घालत. आपल्या झिजलेल्या चोचीने मोजून झाले की प्रत्येक वाट्यावर दोन-चार दाणे वरून टाकत. सगुणा ते बघे. मग ती आपला वाटा उचलून घरट्यात जाई आणि बारा पिसांची छाती तिन्ही अंड्यांवर नीट पसरून बसे. तिन्ही अंडी पुरती झाकली जात. असे बसले की तिला झाडावरच्या एकेकाचे नाव आठवत राही.

उत्तरेचा वारा आला त्याच पहाटे पिल्ले बाहेर आली. आधी एक, मग दुसरे. तिसऱ्या अंड्यातून बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती, आणि अखेर तेही फुटले. तिन्ही उघडीबोडकी, डोळे मिटलेली, आणि जन्मतःच भुकेलेली.

मुकुंदा अळ्यांसाठी खाली उतरायला निघाला. वाऱ्याने फांद्या इतक्या हलत होत्या की त्याला प्रत्येक उडीआधी थांबावे लागत होते. सगुणा वाट बघत राहिली. आबांच्या दारात कोणी दिसत नव्हते. शेजारच्या घरट्यांत कोणाची हालचाल नव्हती. पिल्लांचे आवाज बारीक होऊ लागले. तिने पंख पसरून झेप घेतली. वारा थेट लांब पिसाच्या मोकळ्या जागेतून घुसला, तिला उलटी करून खालच्या फांदीवर आपटले, आणि ती नखांनी साल धरून कशीबशी घरट्यात परतली.

पिल्लांना पोटाशी घेऊन तिने डोळे मिटले. कोणाचा राग करावा असे तिला वाटेना. असल्या वाऱ्यात कोण निघेल?

तेवढ्यात घरटे एका बाजूला कलले. काठावर ठकूमावशी होती. तिची पिसे उलटी झाली होती, एक डोळा धुळीने मिटला होता आणि चोच अळ्यांनी गच्च भरली होती. टोमणा मारायलाही तिला जागा नव्हती. तिच्यामागे बुलबुल आला. मग पलीकडच्या फांदीवरचे दोघे, एकमेकांना धरून. खाली कोणीतरी धापा टाकत होते. आबा तितर, जे वर्षानुवर्षे जमिनीवरून वर आले नव्हते, एकेक फांदी चढत येत होते, आणि मुकुंदा मागून डोक्याने त्यांना ढकलत होता.

सगुणाने आभार मानायला तोंड उघडले, पण तेवढ्यात पोटाखाली धडपड सुरू झाली. पिल्लांना दिसत नव्हते. आई कोणती आणि शेजारी कोण, हे त्यांना अजून कळायचे होते. जी चोच जवळ येई तिच्याकडे ती तोंड उघडत होती. सगुणाने वारा अडवायला डावा पंख त्यांच्यावर पसरून धरला. ज्या जागेवरचे लांब पीस गेले होते, तिथे एक लहानशी खिडकी राहिली होती. त्या खिडकीतून सर्वांत धाकट्याने मान बाहेर काढली, आणि आबांच्या झिजलेल्या चोचीसमोर मोठा आ केला.