नदीला भिंत घालणारा राजा

एक होता राजा. नाव त्याचं धुंडिराव. राजा तसा भला, पण एक खोड होती बरं का. आपलं माणूस नजरेआड झालेलं त्याला मुळीच खपायचं नाही. पाय दाबणारा गडी शिंकायला बाहेर गेला, तरी हा हाका मारून महाल डोक्यावर घ्यायचा.

त्याची राणी चंपावती. तिला सातवा महिना लागला. पहिलंच बाळंतपण, माहेरी जायला हवं. माहेर कुठे, तर महालाखालून जी नदी वाहायची तिच्या उगमाशी, डोंगरात. आईने मेणा धाडला. राजा म्हणाला, "मुळीच नाही! तिथे असं काय आहे, जे इथे नाही?" मेणा दारात तसाच पडून राहिला. राणी बिचारी आत जाऊन रडली.

मग नदीला नवं पाणी आलं. राजा सज्जात बसून पोहे खात होता. बघतो तर खडस मासे, हे हातभर लांब, पाण्याच्या उलट वर निघालेले! शंभर, दोनशे!

"अरे धावा, माझे मासे पळाले!"

मग त्याने नदीत आडवी भिंतच घातली. मासे उड्या मारायचे आणि भिंतीवर आपटून खाली पडायचे. धप्प!

मग राजाने त्यांना बेसनाचे लाडू टाकले. मासे आपले धप्प! मग सनई-चौघडा लावला. तरी धप्प! हसतेस काय गं, ऐक पुढे. मग राजा स्वतः धोतर खोचून पाण्यात उतरला, हात जोडून म्हणाला, "मासेबुवा, इथे काय कमी आहे हो तुम्हाला?"

एक थोराड मासोळी भिंतीशी धापा टाकत होती. तिने डोकं वर काढलं आणि चक्क माणसासारखी बोलली, बरं का!

"बुवा कुणाला म्हणतोस रे? पोटात अंडी आहेत माझ्या. इथल्या गाळात घातली तर गुदमरतील. वर गार, धावतं पाणी आहे, तळाला स्वच्छ खडी आहे. तिथेच जन्मले मी. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईला कुणी अडवतं का, मेल्या?"

राजा ओशाळला. बारीक आवाजात म्हणाला, "पण परत याल ना?"

"न येऊन जाते कुठे? पोरं मोठी व्हायची ती इथल्याच डोहात. आधी वाट सोड."

मग राजाने स्वतः पहार घेऊन भिंत फोडली. पाण्याचा असा लोट आला की राजा उताणा! सगळे मासे त्याच्या अंगावरून वर गेले. जाताजाता एकीने गालावर शेपटी हाणली.

नाकातोंडातलं पाणी काढत राजा उठला, तर काठावर राणी उभी. पोटावर हात ठेवून नुसती बघत होती. राजा तिथूनच ओरडला, "मेणा काढा रे!" आणि ढसाढसा रडला.

पुढचे पाच महिने त्याने कसे काढले, त्याचं त्यालाच ठाऊक. थंडी पडली, तशी बोटबोटभर पिल्लं पाण्याबरोबर खाली आली आणि डोहात शिरली. मागोमाग मेणा आला. आत राणी, तिच्या कुशीत राजकन्या. राजाने लेकीला उचललं आणि नाचतच आत नेलं. सगळी सुखाने नांदू लागली.

आता ती राजकन्या निजली. मासेही निजले. त्यांना पापण्या नसतात, म्हणून बिचारे उघड्या डोळ्यांनीच झोपतात. तुम्हाला आहेत ना? मग मिटा बघू.