प्रधानाचा रेशमी कागद

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांचे आजोबासुद्धा रांगत नव्हते तेव्हा, एका नदीकाठी कागदाची गिरणी होती. पाण्याने चाक फिरे, चाक लाकडी मुसळं उचली आणि मुसळं धाडधाड खाली पडत. खाली चुन्यात भिजलेल्या चिंध्या असत. त्या कुटून लगदा, अन् लगद्याचा कागद.

चिंध्या आणायची एक बोहारीण. दारोदार भांडी द्यायची अन् जुनी लुगडी-धोतरं घ्यायची. राजाचे हुकूमसुद्धा कुणाच्या तरी धोतरावरच लिहिले जात. नाकं मुरडू नका!

नाक मुरडलं ते प्रधानाने. राजकन्येचं लग्न ठरलं, तसा तो रेशमी शालूंचा पेटारा घेऊन गिरणीत आला.

"आमंत्रणं चिंध्यांच्या कागदावर? शी! हे रेशीम कुटा. पंधरा दिवसांत कागद झाला नाही, तर चाकाचं पाणी कायमचं बंद."

गिरणीचा म्हातारा कागदी, म्हणजे कागद बनवणारा कारागीर, हात जोडून म्हणाला, "सरकार, रेशमाचा लगदा होत नाही."

"मला शिकवतोस? मी चार शास्त्रं शिकलोय!"

"त्यात चिंध्यांचं राहिलं वाटतं," बोहारीण पुटपुटली.

आठ दिवस कुटलं. रेशमाचा काही लगदा होईना. ते मुसळांनाच गुंडाळत गेलं. नवव्या दिवशी सगळी मुसळं बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी नटून उभी, आणि चाक ठप्प.

कागदी डोक्याला हात लावून बसला. "गेली गिरणी!"

"रडतोस काय दादा?" बोहारीण म्हणाली. "यातली दोन मुसळं मोकळी कर. माझं गाठोडं कूट अन् रेशीम म्हणून दे."

कागद झाला, अगदी सायीसारखा. कागदी अन् बोहारीण तो घेऊन दरबारात गेले. प्रधानाने तो डोळ्यांना लावला, गालावर फिरवला. "अहाहा! स्पर्शच सांगतो, राजघराण्याचं रेशीम!"

राजा खूश झाला. "मग यापुढे सगळा कागद रेशमाचाच! चिंध्या बंद!"

कागद्याचं तोंड उतरलं. म्हणजे आता तर गिरणी नक्कीच बुडणार!

राजाने कागद उजेडात धरला. "पण हा निळा धागा कसला?"

"शालूचा काठ, महाराज," प्रधान म्हणाला.

बोहारणीला राहवेना. "काठ नाही, नाडी! प्रधानबाईंनी परातीच्या बदल्यात सात जुने लंगोट दिले. सगळे निळ्या नाडीचे!"

प्रधानाचा हात हळूच गालाकडे गेला.

"आधी खोटं का बोललात?" राजाने कागद्याला दरडावलं.

कागदी म्हणाला, "आधी खरंच बोललो होतो, महाराज. ऐकलं नाही कुणी."

राजा हसता हसता सिंहासनावरून घसरला. मग त्याने रेशमाचा हुकूम मागे घेतला, गिरणीचं पाणी कायम ठेवलं, आणि प्रधानाला महिनाभर बोहारणीच्या हाताखाली दिलं.

दुसऱ्याच दिवशी प्रधान डोक्यावर टोपली घेऊन गल्लीत उभा. "बाई, या वाटीला दोन धोतरं द्या."

"दोन?" ती बाई कडाडली. "प्रधान आहेस की दरोडेखोर? एक देईन, तेही फाटकं!"

"फाटकंच द्या, माई," प्रधान घाम पुसत म्हणाला. "त्याचाच कागद चांगला होतो."

तात्पर्य: ज्या कामात आपण कधी हात घातला नाही, त्याचे नियम करण्याआधी ते काम करणाऱ्याला विचारावं.