कुलूपवाल्याची नाचरी पाटी

एका बाजाराच्या गावात एक कुलूपवाला होता. कुलपं तो चांगली करायचा, याबद्दल गावात कुणाचं दुमत नव्हतं. पण कुलूप ही वस्तूच अशी, की ती घ्यायला कुणी हौसेनं येत नाही. नवं घर बांधलं, लेकीच्या लग्नाची पेटी भरायला घेतली किंवा शेजारच्या आळीत चोरी झाली, की माणसं यायची, कुलूप ओढून बघायची आणि किल्ली कनवटीला लावून निघून जायची. घडीभर गप्पा मारत कुणी बसायचं नाही. कुलूपवाल्याला हे फार लागायचं.

दुकानावर त्याच्या वडिलांच्या वेळची पाटी होती. काळ्या फळीवर पांढरी, जाड, सरळ अक्षरं: ‘येथे मजबूत कुलपे मिळतील.’ गावाच्या कोठारालाही वडिलांनीच केलेलं कुलूप होतं. सगळ्या गावाचं बियाणं त्या कोठारात राहायचं. कुलूप आता झिजलं होतं, किल्ली हलवून हलवून फिरवावी लागे, आणि सुगी संपली की नवं कुलूप लावायचं असं पंचांनी ठरवलं होतं. ते आपल्या हातचं असावं, अशी कुलूपवाल्याची फार दिवसांची इच्छा होती. त्यासाठी तो एक कुलूप घडवतही होता. इतर कामं उरकली की ते काढायचा, कानस फिरवायचा, तेल लावून परत गुंडाळून ठेवायचा.

समोर एका खेळणीवालीचं दुकान होतं. लाकडी घोडे, ठकी, भोवरे, बैलगाड्या असा तिचा माल. एका पाडव्याला तिनं उरलेल्या रंगांतून आपल्या हातानं नवी पाटी रंगवली. एका अक्षराला घोड्याची शेपटी, दुसरं भोवऱ्यासारखं एका पायावर उभं, वेलांटीला घुंगरू. पोरं पाटीखाली थांबू लागली. पोरांचा हात धरलेल्या आया थांबू लागल्या. थांबल्या की हसायच्या, आणि हसल्या की आत जायच्या.

कुलूपवाला हातात कानस धरून हे सगळं बघायचा. ती पाटी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली.

“आपली पाटी बदलायला पाहिजे,” एक दिवस जेवताना तो बायकोला म्हणाला.

“का? काय झालंय तिला?”

“काही झालं नाही, हेच तर. तिच्याकडे कुणी बघतच नाही.”

“कुलूप घ्यायला आलेला माणूस कुलपाकडे बघतो,” बायको म्हणाली. “पाटीकडे बघून त्याला काय करायचंय?”

बोलणं सरळ होतं, पण माणसाचं मन एकदा समोरच्या दुकानात जाऊन बसलं की घरातलं बोलणं त्याला ऐकू येत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं रंगाऱ्याला बोलावलं.

“कशी काढू?” रंगाऱ्यानं विचारलं.

“समोरच्यासारखी. तिच्याहून नाचरी.”

रंगाऱ्यानं एकदा पाटीकडे बघितलं, एकदा भिंतीवर टांगलेल्या कुलपांकडे. “कुलपाच्या दुकानाला, दादा?”

“कुलपाच्या दुकानानं काय पाप केलंय?”

रंगारी हाताचा पक्का होता. सांगितलं तसं त्यानं काढून दिलं. ‘येथे’ झोक्यावर बसलं. ‘कुलपे’ माकडासारखं एका हातानं लटकलं. ‘मिळतील’ घसरगुंडीवरून खाली आलं. राहिलं ‘मजबूत’. त्याला जागा कमी पडली, म्हणून त्याची अक्षरं रंगाऱ्यानं एकमेकांवर कलती काढली. पोटभर जेवून एकमेकांच्या खांद्यावर रेललेल्या चार पाहुण्यांसारखी ती दिसत होती.

पाटी लागली आणि कुलूपवाल्याच्या दारात गर्दी झाली. पोरं आली, पोरांच्या आया आल्या, आठवडी बाजाराला आलेली परगावची माणसंही थांबली. ‘मजबूत’कडे बोट दाखवून सगळी हसत होती. कुलूपवालाही हसला. इतकी माणसं आपल्या दारात त्यानं कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी तो घरी गेला तो छाती पुढे काढूनच.

पुढे मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला लागली. हसणारी माणसं समोरच्या दुकानात जशी आत जायची, तशी इथं आत येत नव्हती. एक बाई आली ती बाहुलीच्या पेटीला कुलूप मागायला. लेकीच्या पेटीसाठी आलेला एक शेतकरी उंबऱ्यावरच थबकला, वर बघितलं आणि म्हणाला, “ही खेळण्यातली का हो?” कुलूपवाल्यानं त्याच्या हातात कुलूप दिलं, ओढून दाखवलं, हातोडीनं ठोकून दाखवलं. शेतकऱ्यानं मान डोलावली आणि बघून येतो म्हणून गेला. तो काही परत आला नाही.

सुगी संपली. पाटील दोन पंचांना घेऊन दुकानात आले. कुलूपवाल्यानं गुंडाळून ठेवलेलं कुलूप बाहेर काढलं. पंचांनी ते ओढलं, आपटलं, पहारीनं उचकटून बघितलं. कुलूप जागचं हललं नाही. पाटलांनी किल्ली फिरवली, तेव्हा ते लोण्यात बोट जावं तसं अलगद उघडलं.

“काम चोख आहे,” पाटील म्हणाले. “सांगतो.”

बाहेर पडताना एका पंचानं वर बघितलं. त्याला हसू आलं, ते त्यानं उपरण्यात दाबलं. पाटील हसले नाहीत. पाटीखाली ते जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात कोठाराला कुलूप लागलं. ते दुसऱ्या गावाहून आणलेलं होतं.

कुलूपवाल्यानं जाऊन ते हातात घेऊन बघितलं. कुलूप बरं होतं, एवढंच. त्याच्या कुलपाची सर त्याला नव्हती. तो तसाच पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला.

“पाटील, माझ्या कुलपात खोट काय होती?”

“काही नव्हती,” पाटील म्हणाले. “बस.”

तो बसला नाही.

“हे बघ,” पाटील म्हणाले, “कोठारात माझं एकट्याचं धान्य नाही. विधवेचं आहे, वाटेकऱ्याचं आहे. आज घरोघरी विचारतील, कुलूप कुणाकडचं आणलं? मी तुझं नाव सांगितलं की त्यांना तुझी पाटी आठवणार. हसतील, आणि हसून झालं की घोर लागेल. मग कुणीतरी अंथरुणातून उठून कोठाराला फेरी मारून येणार. तुझ्या वडिलांचं कुलूप होतं तोवर कुणी असा उठला नाही. ते आतून खोलून कुणी पाहिलं होतं? माणसांना त्या दुकानाकडे बघून झोप लागायची.”

कुलूपवाल्याला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पण राग पाटलांवर काढता येत नव्हता. दुकानात येऊन त्यानं शिडी लावली आणि पाटी खरवडायला घेतली. आवाज ऐकून खेळणीवाली बाहेर आली.

“अरे, एवढी रंगवलेली पाटी का खरवडतोस?”

“तुझ्यामुळे, काकी,” तो शिडीवरूनच म्हणाला. “तुझी नाचरी अक्षरं तुला लाभली. माझं कोठार गेलं.”

खेळणीवालीला राग आला नाही. ती आत गेली आणि एक लाकडी घोडा घेऊन आली. त्याला बोट लावलं, तसा घोडा डुलायला लागला.

“हा डुलतो, म्हणून माझं अक्षर डुलतं,” ती म्हणाली. “भोवरा समोर ठेवला आणि भोवऱ्यासारखं अक्षर काढलं. तू काय समोर ठेवून काढलंस?”

“तुझी पाटी,” कुलूपवाला म्हणाला. म्हटलं खरं, आणि आपलंच बोलणं त्याला ऐकू आलं. तो शिडीवरून खाली उतरला.

त्यानं कोळशावर झाकण म्हणून टाकलेली वडिलांची पाटी काढली, पुसली. ती तशीच लावावी असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं आधी आपलं कुलूप समोर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग त्यानं स्वतःच ब्रश हातात घेतला. खरवडलेल्या फळीवर शिरोरेषा त्यानं दाराच्या अडसरासारखी जाड आणि सरळ ओढली. तिच्याखाली एकेक अक्षर असं काढलं, की जणू कडीला कुलूप लावून ओढून बघितलंय. कुठलंही अक्षर हलत नव्हतं. फक्त ‘मजबूत’मधल्या ‘ब’च्या पोटात त्यानं किल्लीचं एक बारीक भोक काढलं. तेवढी गंमत त्यानं ठेवली.

माणसं पाटीखाली पुन्हा थांबू लागली. थोडी हसायचीही. पण आता ती आत यायची. लेकीच्या पेटीसाठी कुणी आला की वर बघून निवांत व्हायचा आणि कुलूप मागायचा.

कोठाराचं कुलूप मात्र दुसऱ्याचंच राहिलं. हातचं गेलेलं काही पाटी बदलली म्हणून लगेच परत येत नाही. कुलूपवाला रोज कोठारावरून जायचा आणि मान खाली घालायचा. दर खंडेनवमीला तो हत्यारं पुजायचा, तेव्हा ऐरणीवर आधी आपलं ते कुलूप ठेवायचा, तेल लावायचा आणि परत गुंडाळायचा.

काही पावसाळे गेल्यावर परगावचं कुलूप गंजलं आणि ऐन पेरणीच्या तोंडावर अडकून बसलं. ते तोडावं लागलं. त्याच दुपारी पाटील दुकानात आले. आत येण्याआधी पाटीखाली ते जरा वेळ उभे राहिले, मागे राहिले होते तसेच.

“ते कुलूप आहे का अजून?” त्यांनी विचारलं.

कुलूपवाल्यानं कुलपाचं फडकं सोडलं.

त्याच संध्याकाळी ते कोठाराला लागलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनी तिथल्या राखणदाराला विचारलं, “रात्री कुणी फेरी मारून गेलं का रे?”

“एकच जण आला होता,” राखणदार म्हणाला. “कुलूपवाला. त्यानं कुलपाला हातसुद्धा लावला नाही. लागलेलं बघितलं आणि गेला.”

तात्पर्य: पाटी रंगवताना समोरच्याची गर्दी बघू नये, आपला माल बघावा. जी गंमत आपल्या मालातून आली तीच आपल्याला शोभते.