मार्थाच्या शेजारची जागा

"मग तो काय म्हणाला?"

म्हाताऱ्या फादर काईतान यांनी बशीतल्या चहावर फुंकर घालत विचारलं.

"तेच तर सांगतोय," फादर शांतवन हसत म्हणाला. "मी विचारलं, रंभाजी, तुम्हाला बाप्तिस्मा कशासाठी हवा? विधीतला पहिलाच प्रश्न आहे हा. कुणी म्हणालं, श्रद्धा हवी. कुणी म्हणालं, मनाची शांती. याची पाळी आली, तर उभा राहून म्हणतो कसा... मार्थाच्या शेजारची जागा."

"आणि तू?"

"मी म्हणालो, बाबा, इथं दफनभूमीतल्या जागा वाटायचं काम चालत नाही. सगळा वर्ग हसला."

"तो हसला?"

शांतवन थांबला. आठवून बघू लागला.

"हो. तोही हसला. मग चप्पल घालून गेला. त्याला तीन गुरुवार झाले."

फादर काईतान यांनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच होता.

हिवरदऱ्याच्या चर्चमध्ये शांतवन येऊन दीड वर्ष झालं होतं. वय चौतीस. आल्या आल्या त्यानं फाटकावर निळ्या अक्षरांची पाटी लावली होती : 'उघडं दार. दर गुरुवारी संध्याकाळी पाच. सर्वांचं स्वागत.' हॉलमध्ये सतरंज्या, चहा, बिस्किटं, येणाऱ्याच्या हातात गुलाबाचं फूल. ज्यांना ख्रिस्ताविषयी जाणून घ्यायचं आहे त्यांनी यावं, वर्षभर शिकावं, मग ठरवावं. पहिल्या गुरुवारी सव्वीस माणसं आली होती. बिशपांनी पत्र पाठवून पाठ थोपटली होती. ते पत्र शांतवनच्या टेबलाच्या काचेखाली होतं.

फादर काईतान त्याच्या आधी तेवीस वर्षं तिथं होते. आता मागच्या खोलीत राहायचे. गुडघे गेले होते, नजर मंदावली होती. गुरुवारच्या वर्गाबद्दल त्यांनी बरंवाईट काही म्हटलं नव्हतं, आणि शांतवनला ते थोडं लागलंही होतं.

म्हाताऱ्यानं भिंतीला टेकवलेली काठी चाचपली.

"गाडी काढ."

"आत्ता? कुठं जायचंय?"

"रंभाजीकडं."

*

पानवडीची वाट खडकाळ होती. जीप हळूहळू चालली होती.

रंभाजीला चर्चच्या धर्मग्रामातला प्रत्येक माणूस ओळखत होता. घायपाताचे दोर वळणारा म्हातारा. त्याची बायको मार्था जन्मापासून कॅथलिक, तो नव्हता. काचबिंदूनं तिची नजर गेली तेव्हापासून दर रविवारी तो तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सात किलोमीटर आणायचा. दारापर्यंत हात धरून सोडायचा आणि स्वतः कुंपणाजवळच्या निंबाखाली दोर वळत बसायचा. अशी अकरा वर्षं. माघात मार्था वारली. त्यानंतर तो दिसला तो एकदम गुरुवारच्या वर्गात.

"फादर, मी चुकीचं काय बोललो?" शांतवननं शेवटी विचारलंच. "कबरीच्या जागेसाठी कुणी बाप्तिस्मा मागावा?"

"कबरीची जागा त्याला आहे."

"म्हणजे?"

"मार्थाला पुरलं त्या दिवशीच मी त्याला चिठ्ठी दिलीय. बायकोच्या शेजारी नवऱ्याला जागा. बाप्तिस्मा असो नसो. बिशपांना विचारून दिलीय. तुला सांगायचं राहिलं. त्याच्या ट्रंकेत असेल."

शांतवननं गाडीचा वेग कमी केला.

"मग त्यानं मागितलं काय?"

"ते तू विचारायचं होतंस."

 बाजरीची रानं मागं पडत होती.

मग फादर काईतान म्हणाले, "मी हिवरदऱ्याला यायच्या आधी, तू मिशनच्या बोर्डिंगात माझ्याकडं आलास तेव्हा केवढा होतास?"

"नऊ वर्षांचा."

"दारात उभा होतास. तुझी आई मागं. मी विचारलं, बाळ, इथं कशासाठी आलास? आठवतं का काय म्हणालास?"

शांतवनला आठवत होतं. ते त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. धर्मगुरू होताना लोकांसमोर आपल्या पाचारणाची हकीकत सांगायची असते. तेव्हा त्यानं देवाची हाक, आईची प्रार्थना, असं पुष्कळ सांगितलं होतं. हे तेवढं गाळलं होतं.

"मी म्हणालो..." त्याचा आवाज खाली गेला. "इथं भात असतो म्हणं."

"आणि मी काय म्हणालो?"

"रविवारी असतो. ये आत."

म्हाताऱ्यानं मान हलवली. ते बाहेर बघत राहिले.

*

रंभाजी अंगणात होता. एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला तो. मधे घायपाताच्या वाखाचा पीळ. गाडी बघून तो गडबडीनं उठला. पोतं झटकून अंथरलं, आतून पाण्याचा तांब्या आणला.

"मोठं फादर... तुम्ही कशाला तरास घेतला? निरोप धाडायचा व्हता, म्या आलो असतो."

फादर काईतान शांतवनच्या खांद्यावर हात टेकून खाली बसले. गुडघा दुमडताना त्यातून कळ निघाली.

शांतवन उभाच होता. गाडीत त्यानं वाक्यं जुळवली होती, ती आता एकही सापडेना.

"रंभाजी, त्या दिवशी मी... लोकांसमोर तसं बोलायला नको होतं."

"छ्या छ्या. त्यात काय एवढं? गमतीनं बोलला तुम्ही. म्या बी हसलो की."

"तुम्ही परत आला नाहीत."

रंभाजीनं दोराचं टोक पुन्हा हातात घेतलं. नुसतं बसून बोलायची त्याला सवय नव्हती.

"मला वाटलं, आपलं उत्तर चुकलं. बाकीची शिकलेली माणसं व्हती. त्यांनी बराबर सांगितलं."

"तुम्हाला काय हवं होतं, ते मला आज नीट सांगा."

रंभाजीनं आधी मोठ्या फादरकडं बघितलं. त्यांनी मान हलवली तेव्हा तो बोलू लागला. दोर वळता वळता, खाली बघत.

"माझ्या आईनं लग्नातच शब्द घेतला व्हता. म्हणली, सून आपली हाय, तिचा देव तिच्यापाशी. पर माझ्या जिवात जीव हाय तोवर तू त्या दारात पाय टाकू नगंस. म्या शब्द दिला. आई लई जगली. मार्थाचं डोळं गेलं, तवा म्या म्हणलं, आता आत येतो, तुला धरून बसाया कुणी पायजे. ती म्हणली, आईचा शब्द मोडून येऊ नगा. म्हातारीला वाईट वाटंल. तुम्ही सावकाश या. म्या जागा धरून ठिवते."

"जागा?"

"बाकावर. डाव्या अंगाला, खांबापाशी बसायची ती. शेजारी हात ठिवायची. कुणी आलं बसाया, तर म्हणायची, माणूस यायचंय माझं."

फादर काईतान यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"मी बघत होतो," ते म्हणाले. "वेदीवरून दर रविवारी बघत होतो तो हात. मला वाटायचं, आंधळी आहे, आधाराला ठेवते..."

रंभाजी हसला. "घरी येताना इचारायची, आई कशी हाय आज? म्या म्हणायचो, ठणठणीत. मग आम्ही दोघं बी हसायचो. पाप लागंल असं हसणं." त्यानं पीळ घट्ट केला. "माघात मार्था गेली. आई गेली चैतात. दोन म्हयने... दोन म्हयन्याचा फरक पडला बगा."

 शेजारच्या गोठ्यात शेरडू ओरडत होतं.

"मग म्या म्हणलं, आता मोकळा झालो. आता रीतसर इचारून आत जावं. तिच्या शेजारी बसावं. ती नसली म्हणून काय झालं, जागा तर धरलेली हाय."

शांतवन त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"रंभाजी, बसायला बाप्तिस्मा लागत नाही. चर्चमध्ये कुणीही येऊन बसू शकतं. कधीही."

रंभाजीचे हात थांबले. पहिल्यांदाच.

"असं व्हय?"

"हो."

"म्हंजी, आई गेल्यावर म्या लगीच आलो असतो तरी..."

"चाललं असतं."

"मला कुणी सांगितलं न्हाई." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणीतरी नवीन गोष्ट शिकवावी आणि आपण ती मनात घोळवावी, तसं तो बोलला. "अकरा वर्सं निंबाखाली बसलो. लोकं रामराम करायची, तब्येत इचारायची. पर आत ये, असं काय कुणी म्हणलं न्हाई."

फादर काईतान यांनी डोळे मिटले.

"या रविवारी चला," शांतवन घाईनं म्हणाला. "मी गाडी घेऊन येतो. वर्गबिर्ग काही नको. नुसतं येऊन बसा."

रंभाजीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"ते बाकडं हाय ना अजून? खांबापासचं?"

 शांतवननं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले होते, पण मदतीला काही ते धावले नाहीत.

खोटं बोलता आलं असतं. बाक दुरुस्तीला गेलंय, असं सांगता आलं असतं.

"नाही," शांतवन म्हणाला. "उन्हाळ्यात सगळी बाकं काढली. सुताराला दिली. आता खुर्च्या आहेत."

"का वो?"

"नवी माणसं यावीत म्हणून... त्यांना बरं वाटावं म्हणून."

रंभाजी खुंटीकडं बघत राहिला. मग हात पुन्हा चालू लागले, सावकाश.

"बरं केलं," तो म्हणाला. "खुर्चीला पाठ असती. म्हाताऱ्या माणसांना बरं."

"मी ते बाक शोधतो. सुताराकडं असेल अजून. मी आणतो परत."

"नगा फादर. लाकडाचं काय घिऊन बसलात?" त्यानं तांब्या उचलला, पुन्हा भरून आणला. "जाताना पाणी पिऊन जावा. ऊन लई हाय."

*

रविवारी शांतवन गाडी घेऊन गेला. रंभाजीनं त्याला चहा दिला आणि नको म्हणाला. राग नव्हता, रुसवाही नव्हता. "आता जाऊन कुठं बसू?" एवढंच म्हणाला.

बाक सुताराकडं नव्हतं. त्याच्या चौकटी होऊन गेल्या होत्या.

शांतवन पुढच्या आठवड्यात गेला. त्याच्या पुढच्याही. आधी तो रंभाजीला आणण्यासाठी जायचा. काय बोलायचं ते ठरवून जायचा. मग ठरवणं सुटलं. रविवारची मिस्सा आटोपली की तो पानवडीची वाट धरायचा. पावसाळा गेला, बाजरी निघाली. गुरुवारच्या वर्गाला माणसं कमी-जास्त होत राहिली. कुणी नवं दारात दिसलं, की तो फूल द्यायचं विसरायचा आणि शेजारी जाऊन बसायचा. काचेखालचं पत्र त्यानं कधी काढलं, त्यालाही आठवत नव्हतं.

रंभाजी चर्चमध्ये आला नाही.

मार्थाच्या वर्षाच्या दिवशी तो फक्त दफनभूमीत आला. बाहेरच्या बाहेर फुलं ठेवून गेला.

त्या फाल्गुनात फादर काईतान यांनी अंथरूण धरलं. अन्न तुटलं होतं, बोलायला धाप लागायची. एका दुपारी शांतवन त्यांच्या उशाशी बसला होता.

"फादर, सहा-सात महिने झाले. मी इतक्यांदा गेलो. तो नाही आला."

त्यानं म्हाताऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मी त्याला दारातून परत पाठवलं. तो आता कधी आत येणार नाही. मला ते... मला ते रात्रंदिवस लागून राहतं."

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असावी असं वाटून शांतवन उठू लागला, तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"तू जातोस... तेव्हा काय करतो तो?"

"काही नाही. दोर वळतो."

"आणि तू?"

"मी पीळ धरतो. एका माणसाला लांबचा दोर जमत नाही."

"बसायला?"

"पोतं झटकून ठेवतो. मी पोचायच्या आधीच. त्याच्या शेजारी."

फादर काईतान यांच्या कोरड्या ओठांवर हसू आलं, आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं.

"मग तुला आत घेतलं म्हणायचं त्यानं."