दहा मिनिटांचा ओलावा

वस्तू बोलायच्या त्या काळी, सकाळी आठ वाजता, मुलांच्या वॉर्डातली एक खाट आपल्या छोट्या रुग्णाची, यमीची, वाट पाहत होती. ऑपरेशनला गेलेली यमी आज परतून खाटेचा कठडा धरणार होती. मधल्या दिवसांत तिथे जुलाब झालेलं बाळ होतं, म्हणून कठड्याला नुकतंच जंतुनाशक लावलं होतं.

"फडकेबुवा, दहा मिनिटं मला ओली राहू द्या," खाट पुसायला आलेल्या फडक्याला विनवू लागली. "औषध ओलं असेपर्यंतच काम करतं, विषाणू लगेच मरत नाहीत हो!"

"लाड पुरे! पाहुणे येतायत, चकाकायला हवीस," म्हणत फडक्याने तिला कोरडं केलं.

यमी आली, कठडा धरून हसली, तीच बोटं तोंडात घातली. तिसऱ्या दिवशी जुलाबांनी गळून गेलेल्या तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. खाट अजून त्या मुठीसाठी झुरते.

चौकशीत फडकं म्हणालं, "मला तसा हुकूम होता." हुकूम कोणाचा, हे अद्याप कोणीही सांगितलेलं नाही.