चारी बाजू बरोबर

“आयत म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?” मी मौलाचाचांना विचारलं.

चाचा उकिडवे बसून विडी ओढत होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. मी आठवी अर्धी सोडून त्यांच्याकडं वाळू चाळायला लागलेला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

“नाही बा. सांग,” चाचा म्हणाले.

“समोरासमोरच्या बाजू सारख्या. झाला आयत.”

चाचांनी मान डोलावली.

खरं सांगायचं तर सरांच्या त्या वाक्याला पुढं आणखी काहीतरी होतं. पण तेवढ्यात सरांना खुर्चीवरच्या खाजकुयलीचा शोध लागला, आणि पुढचा तास मी वर्गाबाहेर अंगठे धरून काढला. माझ्यापुरता आयत तिथंच संपला.

त्या दिवशी शेवंतामावशीच्या खोलीची आखणी होती. दहा बाय बारा, एकच खोली. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, दोरीखाली चुन्याची फक्की टाकायची. मग गडी त्याच रेघेवर पाया खणणार.

मी आदल्या दिवशीच पैज लावलेली. आखणी मी एकटा करणार. बरोबर आली तर वाळू बंद, हातात थापी, आणि सगळ्यांनी मला मिस्त्री म्हणायचं. चुकली तर मे संपेपर्यंत तोंड न उघडता वाळू चाळीन.

तोंड न उघडता हे जमेल का, एवढंच चाचांनी विचारलं होतं.

कोपरा काटकोनात आहे का ते बघायला चाचांच्या पिशवीत लाकडी गुण्या असतो. मी तो बाहेरच काढला नाही. देवानं डोळे कशाला दिलेत?

“टेप लाव,” चाचा म्हणाले.

लावला. पुढची बारा. मागची बारा. कडेच्या दहा, दहा. सूतभर फरक नाही. चाचांनी प्रत्येक माप स्वतः वाकून बघितलं.

“चारी बाजू बरोबर.”

मी थापीकडं बघितलं.

“खोली चुकली.”

...

मला हसू आलं. म्हातारी माणसं हरली की असंच काहीतरी बोलतात. मी म्हटलं, कुठली बाजू चुकली तेवढं दाखवा.

“एकपण नाही.”

“बाजू चुकली नाही आणि खोली चुकली?”

“हां.”

चाचा उठले. जादा दोरी काढली, एक टोक माझ्या हातात देऊन मला कोपऱ्यातल्या खुंटीपाशी उभं केलं. दुसरं टोक घेऊन ते खोलीच्या मधून तिरपे चालत गेले, समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं दोरीला गाठ मारली. मग आम्ही उरलेले दोन कोपरे धरले.

दोरी ताणली. गाठ खुंटीच्या वीतभर अलीकडंच थांबली.

ह्या तिरप्या रेघेला पुस्तकात कर्ण म्हणतात. नाव मला पाठ होतं. चाचांना नव्हतं.

तेवढ्यात शेवंतामावशी हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली. काय झालं म्हणाली. मी सांगितलं, वीतभर फरक पडलाय. ती म्हणाली, वीतभरानं काय होतंय, मला काय इथं विमान उतरवायचंय? मुहूर्त चाललाय, गडी कुदळी घेऊन बसलेत, सुरू करा.

तिचे पत्रे लिंबाखाली रचून ठेवलेले होते. पत्र्याचे कोपरे सरळ. कलत्या खोलीवर चढवले तर एका अंगाला बाहेर येणार, दुसऱ्या अंगाला उघडं राहणार. आणि उघड्या अंगाला तिची चूल यायची होती.

हे तिला माहीत नव्हतं. मला होतं.

“मालकीण म्हणतीय चालेल,” चाचा म्हणाले. “तुझं काय?”

...

मी मागच्या दोन्ही खुंट्या उपटल्या.

मावशीनं कपाळाला हात लावला. मी चपलेनं फक्की पुसली आणि तिला म्हटलं, माझ्या हातून चुकलंय, अर्धा तास थांबा. असलं वाक्य मी अख्ख्या शाळेत एकदाही बोललो नव्हतो. फार वेळ लागत नाही बोलायला.

खुंट्या डावीकडं सरकवल्या. जास्त झालं. थोड्या मागं घेतल्या. कमी पडलं. गडी आपसात खिदळत होते, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. पाचव्या वेळेला गाठ दोन्हीकडं खुंटीवर बसली. मग चारी बाजू परत मापल्या. मग पिशवीतला गुण्या काढून चारी कोपऱ्यांना लावला.

“चाचा, बघून घ्या.”

“तू बघितलंस ना?”

“मगाशी पण बघितलं होतं.”

चाचा खिसे चाचपू लागले. दुसरी विडी शोधत राहिले.

मी परत एकदा दोरी ताणली. इकडून. तिकडून. मग नवी फक्की टाकली, चारी बाजूंनी.

मावशीचा धीर संपला. नारळ ह्या हातातून त्या हातात घेत ती चाचांपुढं येऊन उभी राहिली.

“मौलाभाऊ, आता तरी खणायला सांगू का?”

चाचांनी विडी पेटवली. धूर सोडला...

“मला काय विचारतीस? मिस्त्रीला विचार.”